शुक्रवारचा बॅकअप

रविवारी पहाटे पोस्टमनचे वडील वारले.

असं काही झालेलं नाही. मंगळवारी सकाळी ते नेहमीच्या वेळेला, नेहमीची पिशवी घेऊन डिस्पॅचच्या टेबलाशी हजर होते. ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने हजेरीच्या यंत्रात त्यांचा अंगठा पाहावा. तेव्हा वरचं वाक्य लिहिलंच नाही असं धरून पुढे जाऊ.

कंपनी बिजागऱ्या बनवायची. दाराच्या, खिडकीच्या, कपाटाच्या, पेटीच्या. जगात कुठेही एखादं दार आवाज न करता उघडलं तर त्यात आपला हात असतो, असं साहेब म्हणत. कुरकुरत उघडलं तर तो तेल न घालणाऱ्याचा दोष. खाली कारखाना आणि डिस्पॅच, वर ऑफिस, आणि ऑफिसच्या टोकाला, जिथे पूर्वी झाडू आणि बादल्या ठेवत, तिथे सर्व्हर. खोलीला खिडकी नव्हती. एसी बारा महिने चालू, तरी आत ऊन लागलेल्या धुळीसारखा एक वास कायम असायचा, आणि फरशीच्या एका कोपऱ्यात बादलीचा गोल डाग. कितीही पुसला तरी तो गेला नाही.

ही खोली सांभाळायचा तो पोस्टमन. खरा पोस्टमन नव्हे. कंपनीचे सगळे मेल त्याच्या हाताखालून जात, म्हणून हे नाव. सुरुवातीला तो चिडायचा. मग एकदा आईनेच घरात "पोस्टमन, जेवायला ये" अशी हाक मारली आणि त्याने प्रकरण सोडून दिलं.

वडील तळमजल्यावर डिस्पॅचला होते. खोकी बांधायची, पत्ते चिकटवायचे, पोहोच घ्यायची. ऑफिसात ते सगळ्यांचे काका. पोस्टमनला ऑफिसात त्यांना काका म्हणणं जमायचं नाही आणि बाबा म्हणायला लाज वाटायची, त्यामुळे गरज पडली की तो त्यांच्यासमोर जाऊन घसा खाकरायचा. बाबा वर न बघता "बोल" म्हणायचे.

या कंपनीचा एक नियम होता. साहेबांनी फार पूर्वी, कुठल्याशा तोंडी ऑर्डरीवरून तोंड पोळल्यावर घातलेला: मेलवर नाही ते झालं नाही. नियम लोकांच्या अंगात इतका मुरला होता की जिन्यावरून कुणी गडगडत खाली आला तरी त्याला उचलण्याआधी "मेल टाकलास का?" असं विचारलं जाई. हिशेबनीस तर जेवायला निघालो हे मेलवर कळवायचा आणि आलो हेही. एकदा त्याचा दुसरा मेल टाकायचा राहिला, तर दुपारभर त्याच्या समोरून लोक गेले पण कुणी त्याच्याशी बोललं नाही. तोही फारसा काही म्हणाला नाही. नियम म्हणजे नियम.

रोज संध्याकाळी पोस्टमन बॅकअप घ्यायचा. म्हणजे काय, हे त्याने आईला एकदा समजावून सांगितलं होतं. घराचा रोज एक फोटो काढून ठेवायचा, आणि घर जळालं तर फोटोतलं घर बाहेर काढून परत उभं करायचं.

"आणि फोटो काढल्यावर जे पाहुणे आले असतील ते?" आईने विचारलं.

"ते आलेच नव्हते असं धरायचं."

"बरं आहे," आई म्हणाली. "काही पाहुण्यांच्या बाबतीत चालेल मला."

तर त्या शुक्रवारी पोस्टमनने बॅकअप घेतला, डिस्क काढून कपाटात ठेवली, आणि बाप-लेक बरोबर घरी निघाले. गेटपाशी बाबा थांबले आणि त्यांनी पिशवी उजव्या हातात घेतली.

"डावा खांदा धरलाय जरा," ते म्हणाले. "खोकी उचलली ना."

"सोमवारी डॉक्टरकडे जाऊ."

"हं."

शनिवारी दुपारी त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. रविवारी पहाटे, आधीच ठरवल्याप्रमाणे, काही झालं नाही.

उजाडल्यावर पोस्टमनने एचआर मॅडमना फोन केला. मॅडम खरोखर रडल्या. काकांनी त्यांच्या मुलीला शाळेच्या वह्यांना कव्हरं घालून दिली होती, डिस्पॅचच्या कागदाची, अगदी कोपरे दुमडून. मग नाक ओढत त्या म्हणाल्या, "एक ओळ मेल टाकशील? मग मला सगळ्यांना कळवता येईल. तुला माहितीये ना आपलं कसं आहे."

हॉस्पिटलच्या बोळात, पाणी गळणाऱ्या कूलरशेजारी उभं राहून त्याने फोनवर लिहिलं: बाबा गेले. सोमवारी येणार नाही. आणि पाठवलं.

सोमवारी सकाळी मॅडमनी ते सगळ्यांना कळवलं. त्याच सकाळी हिशेबनीसाने राजीनाम्याचा मेल टाकला, त्यात साहेबांविषयी काही निरीक्षणं होती, आणि लोक दोन्ही मेल आळीपाळीने वाचत असताना सर्व्हरच्या दोन्ही डिस्क एकदम बसल्या.

साहेबांचा फोन आला. "तुला बोलवायला नको होतं," ते म्हणाले. "पण दुसरं कुणी नाही."

पोस्टमन गेला. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. घरात माणसं होती, मामा आले होते, आई भिंतीला टेकून बसली होती आणि कुणी काही विचारलं की "हो" एवढंच म्हणत होती. डिस्कचं काय करायचं ते त्याला माहीत होतं. आईचं काय करायचं ते माहीत नव्हतं.

तो आत शिरला तेव्हा ऑफिस उभं राहिलं. हिशेबनीस आपलं सामान खोक्यात भरत होता, तो थांबला. मॅडमनी पोस्टमनच्या पाठीवर हात ठेवला.

शनिवारी-रविवारी तो हॉस्पिटलात होता, त्यामुळे हाताशी शेवटचा बॅकअप होता शुक्रवारचा. नव्या डिस्क घालून, शुक्रवारची डिस्क जोडून त्याने रिस्टोअर सुरू केलं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. शुक्रवार संध्याकाळनंतरचं सगळं जाणार होतं. लोकांच्या फोनमधूनही, कारण फोन सर्व्हरकडे पाहतात आणि सर्व्हरवर जे नाही ते मुकाट्याने पुसून टाकतात. त्याने बाहेर तसं सांगितलं. लोक म्हणाले, चालेल.

पट्टी थोडी सरकल्यावर मॅडम पाणी घेऊन आल्या. डोळे लाल. "आईजवळ कोण आहे?"

"मामा आलेत."

पट्टी अर्ध्यावर आल्यावर त्या ग्लास न्यायला आल्या. "आई कशी आहे?"

"बसून आहे."

"का? बरं नाही का त्यांना?"

त्याला वाटलं, विचारण्याची ही एक रीत असेल. दुःखाला सरळ हात घालू नये म्हणून. मॅडम थोडा वेळ ग्लासाकडे बघत राहिल्या, मग गेल्या.

नंतर दारात हिशेबनीस उभा राहिला, हातात खोकं. खोक्यात कॅल्क्युलेटर, स्टेपलर, एक कुंडी.

"हे मी का भरलंय?"

"तुम्ही राजीनामा दिलात सकाळी."

हिशेबनीस हसला. हसताना मध्येच थांबला आणि कुंडीतलं एक पिवळं पान खुडलं. "माझ्यात एवढी धमक असती तर," तो म्हणाला, आणि जाऊन सगळं परत खणात लावू लागला. ज्या क्रमाने काढलं होतं त्याच्या उलट क्रमाने.

पट्टी भरत आली. एसीचा आवाज मोठा झाल्यासारखा वाटला; खरं म्हणजे बाहेरचा आवाज कमी झाला होता. लोक कुजबुजत होते ते थांबलं आणि नेहमीचं बोलणं सुरू होण्याआधी एक क्षण सगळं ऑफिस, वर्गात कुणी प्रश्न विचारल्यावर होतं तसं, गप्प बसलं.

मग मॅडम पुन्हा आल्या. हातात पेन. "अरे, आज इतक्या उशिरा? रजेचा मेलही नाही. अर्धा दिवस लावू?"

"मॅडम, बाबा..."

"काकांचाही मेल नाही. दोघं सारखेच. उद्या आले की बघते त्यांच्याकडे."

पडद्यावर आलं: रिस्टोअर पूर्ण. त्रुटी नाही.

घराच्या जिन्यात त्याला मामा भेटले. बॅग घेऊन उतरत होते, एकेका पायरीवर विचार करत.

"मी कशाला आलो होतो रे?"

"भेटायला."

"हां. भेटलो." मामा दोन पायऱ्या उतरले, वळले. "रात्री आपलं फोनवर बरंच बोलणं झालेलं दिसतंय. काय बोललो आपण?"

"सहजच," पोस्टमन म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून कसा आला ते त्याला कळलं नाही. पण तो आल्यावर परत घेता आला नाही.

दाराशी बाबांचे बूट होते. आत ते खुर्चीत बसले होते, उजव्या हाताने डावा खांदा दाबत. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचे डोळे सुजून बारीक झाले होते.

"सकाळपासून असे झालेत," ती म्हणाली. "डोळ्यांत काहीतरी गेलं असेल."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"आलास?" बाबा म्हणाले. "डावा खांदा धरलाय जरा. खोकी उचलली ना."

पोस्टमन तर्काने चालणारा माणूस होता. त्याने बाबांचा हात धरून पाहिला. हात गरम होता आणि त्याला डिंकाचा वास होता. हॉस्पिटलात फोन करावा, कागद शोधावेत, कुणाला तरी गदागदा हलवून विचारावं, हे सगळं त्याच्या डोक्यात आलं, आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न उभा राहिला: कशासाठी? समजा कुणी म्हणालं, हो, बरोबर आहे, ते गेलेत. मग?

तो बाबांच्या शेजारी बसून जेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्यांना वाढलं.

पहिला आठवडा असा गेला की त्याविषयी काही सांगण्यासारखं नाही, सुखाविषयी नसतंच. ऑफिसात तो दिवसातून दोनदा खाली जाऊन घसा न खाकरता "बाबा" म्हणायचा. बाबांना त्याचं नवल वाटायचं. रोज तेवढंच.

मग त्याला एकेक गोष्ट दिसू लागली.

बाबा रोज दाढी करायचे, पण ब्रश धुतल्यावर पाण्यात केस नसायचे. आई म्हणाली, महिना होत आला, नखं कापलेली पाहिली नाहीत, आणि तरी वाढलेलीही नाहीत. रोज संध्याकाळी गेटपाशी ते थांबायचे, पिशवी उजव्या हातात घ्यायचे आणि खांद्याचं सांगायचे. त्याच शब्दांत. दुखणं वाढत नव्हतं. कमीही होत नव्हतं. सकाळी उठताना त्यांचा चेहरा दिवसभर राबून आलेल्या माणसाचा असायचा.

बॅकअपचा रोज एक अहवाल येतो. कालच्यापेक्षा ज्याच्यात काही बदललं तेवढंच उचललं जातं. बाकीच्यांपुढे "बदल नाही" असं लागतं. बाबा दिवसभर मेल पाठवायचे, खोकं निघालं, पोहोच आली, आणि लोकांना ते मिळायचेही. अहवालात त्यांच्या मेलबॉक्सपुढे रोज यायचं: बदल नाही.

तो त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर जुने होते, बोलके. त्यांनी ईसीजी काढला, कागद पाहिला, मशीनला चापट मारली आणि पुन्हा काढला. मग दोन्ही पट्ट्या एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरल्या. एक ठोकाही इकडेतिकडे नव्हता.

"मशीन बिघडलंय," डॉक्टर म्हणाले. बाबा शर्टाची बटणं लावेपर्यंत ते खिडकीतच उभे राहिले. तपासणीचे पैसे घ्यायला मात्र त्यांनी नकार दिला. का, ते त्यांना सांगता आलं नाही.

त्याच सुमारास साहेबांनी ठरवलं की बसलेल्या डिस्कवरचं गेलेलं सगळं परत मिळवायचं. शनिवारी एक मोठी ऑर्डर आली होती असं समोरची कंपनी म्हणत होती आणि इथे ती कुणी पाहिली नव्हती. डिस्क बाहेर एका दुरुस्तीवाल्याकडे पाठवल्या. काही दिवसांनी त्याचा फोन आला: सगळं निघालंय. शनिवार, रविवार, सोमवार सकाळ. नव्या डिस्कवर भरून पार्सल करतो.

पार्सल डिस्पॅचला आलं. दुसरीकडे कुठे येणार?

बाबा ते घेऊन स्वतः वर आले. सर्व्हरच्या खोलीत ते पूर्वी कधी आले नव्हते. दारात उभं राहून त्यांनी एसीकडे पाहिलं, फरशीवरच्या गोल डागाकडे पाहिलं.

"तुझं आहे. सही कर."

त्याने सही केली. बाबा खुर्चीवर बसले. पार्सल त्यांच्या मांडीवरच राहिलं.

"काय आहे यात?"

"जुने मेल."

"कधीचे?"

"शनिवार, रविवारचे."

बाबांनी खोक्यावरची चिकटपट्टी अंगठ्याने नीट दाबून बसवली. सवयच ती.

"रोज घरी जाताना वाटतं, उद्या शनिवार," ते म्हणाले. "झोपतोही तसाच. सकाळी उठलं की नसतो."

पोस्टमनने पेनाला टोपण लावलं.

"पुढे जायला मिळत नाही रे. दारात उभा असल्यासारखं वाटतं." मग ते हसले. "बिजागऱ्या विकून विकून हे असं झालं असेल."

त्यांनी पार्सल टेबलावर ठेवलं, खांदा दाबला आणि गेले. जिन्यावर त्यांच्या पावलांचा आवाज सावकाश खाली गेला.

पोस्टमनने पार्सल न उघडताच खणात टाकलं. साहेबांना त्याने सांगितलं, डिस्क वाचता येत नाही.

"मेल टाक तसा," साहेब म्हणाले.

त्याने टाकला, साहेबांना आणि दुरुस्तीवाल्यालाही.

त्या संध्याकाळी गेटपाशी बाबांना पिशवी दुसऱ्या हातात घ्यायला वेळ लागला. त्यांनी ओठ दाबून धरले होते. शुक्रवारीही असेच धरले होते का? त्याने तेव्हा पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने खण उघडला. फक्त पाहायचं म्हणून डिस्क जोडली.

डिस्क वाचता येत नव्हती.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "हो, तुमचा मेल वाचला ना मी. काहीच निघालं नाही त्यातून. मी आधीच म्हणालो होतो."

म्हणजे आता एकच वाट उरली होती, आणि ती लांबची नव्हती. एक ओळ. कुणीही मेलवर टाकली तरी चाललं असतं. पण ज्याला ती माहीत होती असा माणूस एकच होता.

त्याने नवा मेल उघडला. लिहिलं: बाबा गेले.

खालून खोकी सरकवल्याचा आवाज येत होता. बाबा कुणाला तरी सांगत होते, दोरी आवळून बांध, अर्ध्या वाटेत सुटते.

त्याने बोट बटणावर नेलं. काढून घेतलं. मेल ड्राफ्टमध्ये पडला. ड्राफ्ट ज्याचा त्यालाच दिसतो.

तो खाली जाऊन आला. बाबा पत्ते चिकटवत होते. त्यांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर बंद होता.

तो परत येईस्तोवर सर्व्हर विभागाकडे एक मेल आला होता. सर्व्हर विभागात पोस्टमन सोडून कुणी नाही. तारीख रविवारची, पहाटेची. त्या रविवारचं एक अक्षरही या सर्व्हरवर नव्हतं.

प्रति,
सर्व्हर विभाग.

विषय : खाते बंद करणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, अर्जदार डिस्पॅच विभागात नियमित हजर असून त्याच्या कामाबाबत कोणाचीही तक्रार नाही. अर्जदाराची घरीही कोणतीही तक्रार नाही. सबब, खाते सुरू ठेवण्यामागील आपला हेतू अर्जदारास मान्य आहे व त्याबद्दल तो आभारी आहे.

तथापि, एका दिवसाहून अधिक काळ एकच दिवस वापरण्याची तरतूद कंपनीच्या नियमांत आढळत नाही. तसेच अर्जदाराच्या पत्नीच्या डोळ्यांची सूज अद्याप उतरलेली नाही व त्याचे कारण त्यांना कळवण्यात आलेले नाही.

आपल्या ड्राफ्टमध्ये एक ओळ तयार आहे. ती योग्य आहे, दुरुस्तीची गरज नाही. तरी ती आजच्या आज पाठवण्यात यावी, ही नम्र विनंती.